गाडी कोणाची, छायाचित्र कोणाचे?

आपल्या गाडीची उत्तम छायाचित्रे कशी काढावीत याविषयी उपदेश करणारे लिखाण आता विपुल झाले आहे, आणि त्यातला उपदेश जगभर जवळजवळ एकच आहे. गाडी धुऊन, पुसून लख्ख करा. सूर्योदयानंतरचा किंवा सूर्यास्तापूर्वीचा तास गाठा. रिकामे मैदान, ओस पडलेली गोदी, निर्मनुष्य रस्ता असे काहीतरी शोधून गाडी तेथे न्या. गुडघ्यावर बसून कॅमेरा हेडलाइटच्या उंचीवर आणा. गाडीचे नाक आणि एक बाजू दोन्ही दिसतील असा तिरपा कोन धरा. पुढची चाके अशी वळवा की टायरची नक्षी न दिसता रिम दिसावे. आरशाला टांगलेले, डॅशबोर्डवर चिकटवलेले, मागच्या सीटवर पडलेले सगळे काढून टाका. नंबर प्लेट झाका. चौकटीत माणूस येऊ देऊ नका.

या सूचना पाळून काढलेली छायाचित्रे देखणी असतात, हे आधीच मान्य करतो. माझा आक्षेप वेगळा आहे. वरील प्रत्येक सूचना अमलात आणत गेल्यास पायरीपायरीने जे नाहीसे होते ते 'आपली' हे पद. शेवटी उरते ते त्या कंपनीच्या त्या मॉडेलचे चित्र, आणि ते चित्र त्या कंपनीने आपल्याआधी, आपल्याहून चांगले आणि पुष्कळ पैसे खर्चून काढून ठेवलेलेच असते. हौशी माणसाने रविवारची पहाट घालवून फुकटात त्याची दुय्यम प्रत तयार करावी आणि तिला प्रगती समजावे, हा प्रकार मला खेदाचा वाटतो.

गैरसमज नको म्हणून तंत्राची बाजू आधी सांगतो, कारण तंत्राला नावे ठेवण्याचे काहीच कारण नाही. गाडी हा एक वाकडातिकडा आरसा आहे. रंगावरचा पारदर्शक लेप आणि काचा समोर येईल ते परावर्तित करतात, त्यामुळे गाडीचे छायाचित्र हे बऱ्याच अंशी गाडीभोवतालच्या जगाचे छायाचित्र असते. भर दुपारी टपावर आणि बोनेटवर पांढरे डाग पडतात व दारांखाली काळोख होतो. सूर्य खाली आला की प्रकाश आडवा होतो आणि पत्र्याचे उतार दिसू लागतात. पोलरायझर गाळणी काचेवरची आणि रंगावरची चकाकी विशिष्ट कोनातून कापते, क्रोमसारख्या उघड्या धातूवरची मात्र कापत नाही. शिवाय बाजूच्या व मागच्या कडक केलेल्या काचांवर ती कधीकधी ठिपक्यांची विचित्र जाळी उमटवते, हे तिची भलामण करणारे सहसा सांगत नाहीत. मोबाइलचे नेहमीचे भिंग बऱ्यापैकी रुंद असते, म्हणून जवळ जाऊन टिपल्यास गाडीचे नाक फुगते आणि पाठ आक्रसते. दहा-पंधरा पावले मागे जाऊन लांब पल्ल्याचे भिंग वापरले की प्रमाण ताळ्यावर येते. धावत्या गाडीबरोबर कॅमेरा फिरवत सेकंदाच्या तिसाव्या किंवा साठाव्या भागाएवढे शटर ठेवले तर गाडी स्पष्ट राहते आणि पार्श्वभूमी पुसली जाते. हे सारे खरे आहे, शिकण्याजोगे आहे. व्याकरण शिकण्याला कोणाचा विरोध असणार? विरोध आहे तो त्या व्याकरणात एकच वाक्य पुन्हा पुन्हा लिहिण्याला.

ते वाक्य कोठून आले हे पाहणे उद्बोधक आहे. रिकामे मैदान, रिकाम्या सीटा आणि कोरी नंबर प्लेट या तिन्ही गोष्टी जाहिरातीच्या गरजा आहेत. विकायच्या गाडीला नंबर नसतो, कारण ती अजून कोणाची झालेली नसते. तिच्यात कोणी बसलेले नसते, कारण तेथे गिऱ्हाइकाने स्वतःला बसवायचे असते. तिच्यामागे गल्ली नसते, कारण गल्ली म्हटली की ती कोणाची तरी असते, आणि मग बाकीच्यांना ती गाडी परकी वाटू लागते. विक्रेत्याच्या बाजूने पाहता हे अगदी शहाणपणाचे आहे. परंतु ज्याने गाडी विकत घेतली आहे, नोंदवली आहे, पाच वर्षे हप्ते भरले आहेत, त्याने ती पुन्हा कोणाचीच नसल्यासारखी का दाखवावी?

या जाहिरात-परंपरेने गाडी जशी आहे तशी दाखवण्याचा दावाही कधी फारसा केलेला नाही. अमेरिकेत आर्ट फिट्झपॅट्रिक आणि व्हॅन कॉफमन या चित्रकारांच्या जोडीने १९५९ ते १९७१ या काळात पॉन्टिअॅकच्या जाहिरातींसाठी चित्रे रंगवली. फिट्झपॅट्रिक गाडी काढी, कॉफमन पार्श्वभूमी आणि माणसे. त्या चित्रांतल्या गाड्या प्रत्यक्षापेक्षा रुंद आणि बसक्या आहेत, आणि आज ती चित्रे संग्राहक जपून ठेवतात ती याच अतिशयोक्तीच्या मोहापायी. पुढे छायाचित्र आले तसे खोटेपणाचे तंत्र बदलले. गाडीला लांब दांडा जोडून त्याच्या टोकाला कॅमेरा बसवायचा, गाडी माणसाच्या चालीने ढकलायची, शटर काही सेकंद उघडे ठेवायचे आणि नंतर संगणकावर दांडा पुसून टाकायचा. चित्रात गाडी ताशी दीडशेने सुटलेली दिसते. त्यानंतर गाडीच नको झाली. कंपनीकडील आराखड्यांच्या संगणकीय नोंदींवरून अख्खी गाडी पडद्यावर घडवता येते. २०१६ मध्ये 'द मिल' या दृश्यपरिणाम करणाऱ्या संस्थेने 'ब्लॅकबर्ड' नावाचे एक वाहन पुढे आणले: नुसता सांगाडा आणि चार चाके, लांबी-रुंदी हवी तशी कमीजास्त होणारी. रस्त्यावर धावतो तो सांगाडा. चित्रणानंतर त्यावर हव्या त्या गाडीचे कवच चढवले जाते. म्हणजे ज्या चित्राबरहुकूम आपण पहाटे उठून, शाम्पू लावून, गुडघे टेकून आपली खरी गाडी टिपतो आहोत, त्या चित्राच्या मुळाशी गाडी असेलच याची आता शाश्वती नाही.

रोलाँ बार्थच्या 'मिथॉलॉजीज' (१९५७) या पुस्तकात सिट्रोएन डी.एस. या गाडीवर एक छोटा निबंध आहे. त्या अक्षरांचा फ्रेंच उच्चार 'देवी' या अर्थाच्या शब्दासारखा होतो, या श्लेषावर तो उभा आहे. त्याचा शेवट मला नेहमी महत्त्वाचा वाटत आला आहे: प्रदर्शनात लोक पत्र्याला हात लावतात, गाद्या दाबून पाहतात, दारे चाचपतात, आणि आकाशातून उतरलेली ती देवी पाहता पाहता मध्यमवर्गाच्या पदरात येऊन पडते. स्पर्शाने गूढ संपते आणि मालकी सुरू होते, असा त्याचा सूर आहे. बार्थला ती उतरण काहीशी उपहासास्पद वाटली असावी. मी उलट म्हणेन की छायाचित्र काढण्याजोगे काही असेल तर ते त्या उतरणीपासून पुढे सुरू होते. आपल्याकडे तर देवीला हात लावायला कोणाची बंदी नाही. खंडेनवमीला आणि दसऱ्याला झेंडूचा हार, बोनेटवर कुंकवाचे स्वस्तिक, चाकाखाली लिंबू: हा सगळा स्पर्शाचाच व्यवहार आहे. आणि नेमके हेच उपरोक्त उपदेशकांच्या लेखी चित्रातले 'अडथळे' आहेत.

आता एकेक सूचना पुन्हा पाहू. हेडलाइटच्या उंचीवरून काढलेल्या चित्रात गाडी चाल करून येणाऱ्या जनावरासारखी दिसते. आपली गाडी त्या उंचीवरून पाहतात ती लहान मुले आणि गल्लीतली कुत्री. मालकाने तिला आयुष्यभर पाच फुटांवरून पाहिलेले असते, आणि त्याच्या ओळखीची गाडी ती. वळवलेल्या चाकांचेही तेच. घाटात उतारावर दगड लावून गाडी उभी केली तर चाक वळवतात, एरवी दारात कोणी तसे ठेवत नाही. जमीन ओली करून घ्या, म्हणजे प्रतिबिंब छान पडते, अशीही एक सूचना असते. ज्या प्रदेशात टँकरची वाट पाहिली जाते तेथील वाचकाने ती कशी घ्यावी हे ज्याने त्याने ठरवावे. आणि 'नाट्यमय' पार्श्वभूमीच्या हव्यासाबद्दल तर बोलावे तितके थोडे. जाहिरातीत गाडी ओढा उडवत जाते, वाळूवर गिरक्या घेते, म्हणून हौशी माणसालाही ओढा आणि वाळू हवी असते. २०२२ मध्ये लडाखमधील पँगाँग सरोवराच्या पाण्यात गाडी घातल्याची चित्रफीत सर्वत्र फिरली आणि त्यावर गदारोळ उठला. कोकण-गोव्याच्या किनाऱ्यांवर भरतीच्या वाळूत रुतलेल्या गाड्या ट्रॅक्टरने ओढून काढाव्या लागतात, ही तर नित्याची बातमी आहे. यातला मूर्खपणा सर्वांना दिसतो. पण त्या मूर्खपणाला आकार देणारे चित्र कोणते, हा प्रश्न फारसा विचारला जात नाही.

यावर एक सबळ आक्षेप येऊ शकतो. गाडी ही वस्तू म्हणूनच सुंदर असते. तिच्या रेषा कोणा कुशल रचनाकाराने महिनोन्महिने मातीच्या नमुन्यावर घासून सिद्ध केलेल्या असतात. मग शिल्प जसे मोकळ्या जागेत ठेवून पाहतो तसे गाडीला का पाहू नये? अवश्य पाहावे. पण मग ते त्या रचनाकाराच्या कामाचे छायाचित्र झाले. पुतळ्याच्या लाखभर प्रती निघून त्यातली एक आपल्या अंगणात असली, तर आपल्या अंगणातल्या प्रतीचे वेगळेपण तिच्या मूळ आकारात सापडणार नाही. ते तिला गेलेल्या तड्यात, तिच्यावर वाळत घातलेल्या टॉवेलात सापडेल. दुसरा आक्षेप अधिक बारकाईचा आहे. माणसे नसलेली, शांत, एकटी उभी असलेली गाडी टिपूनही मोठे काम झालेले आहे. लँग्डन क्ले याने १९७४ ते १९७६ या काळात न्यू यॉर्कमध्ये रात्री रस्त्याकडेला उभ्या असलेल्या गाड्यांची रंगीत छायाचित्रे तिपाईवर कॅमेरा ठेवून काढली. पुस्तकरूपाने ती २०१६ मध्ये आली. त्यांत माणूस जवळजवळ दिसतच नाही. पण त्या गाड्या पाहा: चेपलेली दारे, बदललेल्या रंगाचा एखादा पत्रा, मागे एखाद्या दुकानाचा किंवा खानावळीचा दिवा, फुटपाथवरचा कचरा. क्लेने गाडी मैदानात नेली नाही. ती जेथे रात्र काढत होती तेथे तो गेला. फरक आहे तो हा. निर्मनुष्यता चालते, निर्वासन चालत नाही.

मराठी घरांतल्या जुन्या अल्बमांत गाडीची छायाचित्रे असतात ती वरील कसोट्यांवर साफ नापास होणारी आहेत. परवाना-राज्यात गाडीसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे थांबावे लागे. मग एकदाची फियाट आली की पहिले काम फोटोचे. भर दुपारी, सूर्य डोक्यावर, सगळे डोळे बारीक करून उभे. आजोबा बोनेटला टेकलेले, बहुधा आयुष्यात पहिल्यांदा कशाला तरी टेकून फोटो काढणारे. आई दार अर्धे उघडून उभी, आत बसावे की बाहेर राहावे हे न ठरलेले. एक मूल स्टिअरिंगमागे, फक्त कपाळ दिसते आहे. खाली जमिनीवर छायाचित्रकाराची, म्हणजे बहुधा वडिलांची, लांबलचक सावली. गाडीचा पाव भाग चौकटीबाहेर. अशा एका चित्रातून त्या घराविषयी आणि त्या दशकाविषयी जेवढे कळते तेवढे एखाद्या लेखात सांगायचे तर पाने खर्ची पडतील: साडीचा पोत, मागच्या चाळीचा रंग, नंबरातली जुनी अक्षरे, कोण मध्ये उभे राहते आणि कोण कडेला.

ही फियाट पुढे प्रीमियर पद्मिनी या नावाने ओळखली गेली, कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होत राहिली, या शतकाच्या आरंभी थांबली. आणि २०२३ च्या ऑक्टोबरअखेर मुंबईच्या रस्त्यांवरून तिची शेवटची काळी-पिवळी टॅक्सीही वयोमर्यादेमुळे निघून गेली. तेव्हा हळहळून काढलेली छायाचित्रे पुष्कळ प्रसिद्ध झाली. माझ्या मते त्यांतली जी चिरकाल टिकतील ती मरीन ड्राइव्हवर सूर्यास्तासमोर उभ्या केलेल्या चकचकीत टॅक्सीची नसतील. टपाच्या आतल्या बाजूला लावलेले फुलाफुलांचे रेक्झिन, बाहेर लटकणारा लोखंडी मीटर, सीटच्या पाठीवर पडलेला तेलकट डाग यांची असतील.

भारतीय छायाचित्रणात या दिशेने झालेला सर्वांत मोठा प्रयत्न रघुवीर सिंग यांचा आहे. त्यांच्या निधनानंतर, २००२ मध्ये, 'अ वे इंटू इंडिया' हे पुस्तक आले. त्याचा नायक अँबॅसडर आहे, पण तिचा रुबाबदार तिरपा कोन तेथे शोधू नये. ती कधी नुसत्या पुढच्या काचेच्या चौकटीतून जाणवते, कधी उघड्या दारातून, कधी बाजूच्या आरशात. तिच्या काचांनी आणि खांबांनी रस्त्याचे तुकडे होतात आणि त्या तुकड्यांत माणसे, गुरे, पाऊस, दुकाने दाटीवाटीने बसतात. हिंदुस्थान मोटर्सने उत्तरपाड्यात तिचे उत्पादन २०१४ मध्ये थांबवले. ती गाडी आतून कशी होती, तिच्यातून देश कसा दिसे, हे पुढच्या पिढीला कंपनीच्या कोणत्याही माहितीपत्रकापेक्षा या पुस्तकातून अधिक कळेल.

परदेशातही हेच. रॉबर्ट फ्रँकने जुन्या फोर्डमधून अमेरिका पालथी घातली. 'द अमेरिकन्स' (फ्रान्समध्ये १९५८, अमेरिकेत १९५९) या पुस्तकातले शेवटचे चित्र त्याच्या स्वतःच्या गाडीचे आहे. टेक्सासमधला रस्ता, कडेला थांबलेली गाडी, तीही अर्धीच, एक दिवा आणि काचेआड पेंगुळलेले कुटुंब. लार्तिगचे शर्यतीच्या गाडीचे ते प्रख्यात चित्र तर तांत्रिक 'चुकां'चे संमेलन आहे: गाडी कापली गेली आहे, कॅमेऱ्याच्या पडद्याचे शटर सरकत जाण्याच्या रीतीमुळे चाक लंबगोल होऊन पुढे झुकले आहे आणि प्रेक्षक उलट दिशेला कलले आहेत. वेग म्हणजे काय हे त्या चित्राएवढे थोड्या चित्रांनी सांगितले असेल.

एवढ्या थोरांची नावे घेतल्यावर एका अगदी सामान्य छायाचित्रकाराचे नाव घेतो: विम्याचा सर्व्हेयर. विमा खंडित झालेल्या गाडीची तपासणी करायला येतो तेव्हा तो चारी कोपऱ्यांतून गाडी टिपतो, नंबर प्लेट टिपतो, किलोमीटरचा आकडा टिपतो, प्रत्येक ओरखड्याजवळ जातो. काही ठिकाणी चासी नंबरावर कागद ठेवून पेन्सिलने घासून ठसाही घेतला जातो. त्याला सौंदर्याशी कर्तव्य नाही. ही गाडी दुसरी कोणती नसून हीच आहे, आणि आज ती अशी आहे, एवढेच त्याला सिद्ध करायचे असते. ओळखीचे हे काम करून घेण्यासाठी तर छायाचित्र या शोधाला जगाने इतके मानले. हौशी लोकांच्या शेकडो चित्रांपेक्षा सर्व्हेयरची वीस चित्रे आपल्या गाडीला अधिक न्याय देतात, असे म्हटल्यास ती अतिशयोक्ती समजू नये. जुनी गाडी विकताना तर हा प्रश्न थेट सचोटीचा होतो. संध्याकाळच्या सोनेरी प्रकाशात आणि ओल्या जमिनीवर काढलेल्या चित्रात चेपलेला मडगार्ड लपतो, पुन्हा रंगवलेल्या दाराची छटा इतर पत्र्याशी जुळून जाते, आणि घेणारा दोनशे किलोमीटर प्रवास करून येतो. सेकंडहँड गाड्यांच्या जाहिरातींतली अशी 'सुंदर' छायाचित्रे म्हणजे उघड फसवणूक नसेल, पण तिच्या शेजारच्याच घरात राहणारी गोष्ट आहे. ढगाळ दिवसाचा सपाट उजेड तेथे सर्वांत प्रामाणिक.

नंबर प्लेट झाकण्याचे समर्थन सुरक्षिततेच्या मुद्द्यावर करता येते, आणि सार्वजनिक ठिकाणी चित्र मांडताना ते मला मान्य आहे. त्यासाठी मांडायच्या प्रतीवर पट्टी ओढावी. घरच्या प्रतीत नंबर राहू द्यावा. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, पुढे नूतनीकरण, हरित कर, आणि मग केव्हातरी भंगार. त्यानंतर तो नंबर फक्त त्या छायाचित्रातच वाचता येणार आहे. घरातल्या मुलांना शाळेचा हजेरी क्रमांक आठवत नाही पण पहिल्या गाडीचा नंबर आठवतो, असा माझा अनुभव आहे.

तेव्हा चांगले छायाचित्र हवेच असेल तर वर सांगितलेले सारे तंत्र घ्यावे आणि गाडी जेथे आहे तेथे वापरावे. सोसायटीच्या खांबांमधल्या तिच्या जागेत सकाळी साडेसातला प्रकाश कोठून येतो हे पाहावे. तेथे तो तिरपाच येतो, त्यासाठी गोदी शोधावी लागत नाही. पोलरायझर लावलाच तर फिरवून पाहावा आणि चकाकी पूर्ण मारू नये, कारण दारावर उमटलेली समोरची इमारत, गुलमोहर, दूधवाल्याची सायकल हा तुमचा पत्ता आहे. टपावर उन्हात ठेवलेली पापडांची परात काढू नये. चालकाच्या दाराच्या हँडलभोवती वर्षानुवर्षांच्या नखांनी कोरलेले बारीक ओरखडे असतात. ते फक्त आडव्या उजेडात दिसतात, तेव्हा तेथे जवळ जावे. डॅशबोर्डवरचा गणपती, टोलच्या पावत्यांची चळत, मागच्या काचेवरचे अर्धवट खरवडलेले स्टिकर, बेल्टच्या कुलपात अडकलेले चिरमुरे, सगळे टिपावे. घरातले कोण कोठे बसते हे ठरलेले असते, तेव्हा त्यांना त्यांच्या जागी बसवून, दारे उघडी ठेवून, एक चित्र पाच फुटांवरून घ्यावे. कोणाचे डोळे मिटले तरी ते ठेवावे. गाडी धुतलेली असली तर चालेल. लोणावळ्याहून परतलेली, चाकांच्या वर चिखल उडालेली, वायपरने काचेवर काढलेले दोन अर्धगोल तसेच असलेली मिळाली तर अधिक बरे, आणि मग धुण्याआधी काढावे.